जळगाव-धुळ्यातून गाडी ट्रेलरवर पाठवताय? मग ‘भाड्याच्या दहा पट’ हा नियम आधी वाचा

समजा, अमळनेरच्या एका पोराला बेंगळुरूत नोकरी लागली. कॉट, कपाट तिकडे भाड्याने मिळेल, पण दोन वर्षांपूर्वी घेतलेली गाडी सोबत हवी. स्वतः चालवत न्यायची तर हजार किलोमीटरच्या वर प्रवास, मध्ये मुक्काम, डिझेल आणि टोल. त्यात जॉइनिंगची तारीख तोंडावर. मग मोबाइलवर ‘कार ट्रान्सपोर्ट’ असं सर्च होतं, तासाभरात सात-आठ फोन येतात आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा दोन हजार कमी सांगतो.

इथे बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात, ‘किती घेणार?’ पण खरा प्रश्न वेगळा आहे. वाटेत गाडीचं काही झालं, तर तुम्हाला किती मिळणार? याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आधी ही गाडी जाते कशी, ते बघू.

ट्रेलर दारावरून जातो, पण थांबत का नाही?

धुळे म्हणजे हायवेचं नाकं. मुंबई-आग्रा हायवे, म्हणजे जुना एनएच ३, आणि सुरत-नागपूर हायवे, म्हणजे जुना एनएच ६ आणि आताचा ५३, हे दोन्ही धुळ्यात एकमेकांना छेदतात. हाच ५३ नंबर पुढे पारोळा, एरंडोल करत जळगाव आणि भुसावळकडे जातो. नाशिक, चाकणकडून इंदूरच्या दिशेने नव्या गाड्या घेऊन जाणारे लांबलचक बंद ट्रेलर खान्देशातल्या माणसाने हजार वेळा बघितलेले असतात.

पण हे ट्रेलर एका गाडीसाठी वाट वाकडी करत नाहीत. एका ट्रेलरवर सहा-आठ गाड्या बसतात आणि तो भरला तरच धंदा परवडतो. म्हणून ही वाहतूक मोठ्या शहरातून मोठ्या शहराकडे चालते. पुणे, मुंबई, नागपूर, इंदूर, सुरत अशा ठिकाणी कंपन्यांची यार्डं असतात. गाड्या तिथे जमा होतात आणि एका दिशेच्या पुरेशा गाड्या झाल्या की ट्रेलर निघतो. ‘चार दिवसांत पोहोचेल’ असं सांगितलेली गाडी दहा दिवसांनी येते, त्याचं मुख्य कारण हेच. प्रवासापेक्षा यार्डातली वाट बघणं लांबतं.

मग जळगाव किंवा धुळ्याची गाडी यार्डापर्यंत जाते कशी? दोन मार्ग आहेत. एक तर छोट्या फ्लॅटबेडवर चढवून, नाहीतर कंपनीचा ड्रायव्हर ती चक्क चालवत नेतो. जळगाव ते पुणे म्हणजे साधारण चारशे किलोमीटर. तुम्ही ट्रेलरचे पैसे दिलेले असतात आणि गाडी एवढं अंतर अनोळखी माणसाच्या हातात धावते. यात बेकायदा काही नाही, पण ते आधी लेखी ठरलेलं हवं. बुकिंग करतानाच विचारा: गाडी घरून कशावर जाणार? यार्ड कुठे? बेंगळुरूत घरपोच मिळणार की यार्डात जाऊन घ्यायची?

रेल्वेने नाही का जात?

बाइक जाते. जळगाव किंवा भुसावळ स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आरसी बुकाची झेरॉक्स देऊन, पेट्रोल काढून, पॅकिंग करून बाइक बुक करता येते.

कारही रेल्वेने जातात, पण कंपन्यांच्या. जुने झालेले प्रवासी डबे बदलून त्यात गाड्या चढवायची सोय केली जाते आणि अशी अख्खी मालगाडी भरून नव्या गाड्या निघतात. त्या डब्यांना एनएमजी म्हणतात. मारुती सुझुकीच्या गुजरातमधल्या हंसलपूर कारखान्यात तर २०२४ मध्ये थेट कारखान्याच्या आतच रेल्वे साइडिंग सुरू झालं. पण एका माणसाच्या एका कारसाठी ही सोय सहसा हाताशी नसते. त्यामुळे रस्ता हाच पर्याय उरतो.

आता मुद्द्याचं: दहा पट म्हणजे काय?

ट्रकने माल नेणाऱ्यांसाठी आपल्याकडे ‘कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७’ हा कायदा आहे. त्याआधी १८६५ चा इंग्रजांच्या काळातला कायदा चालायचा. नवा कायदा आणि त्याचे नियम २०११ पासून लागू झाले.

या नियमांनुसार माल हरवला किंवा खराब झाला, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित आहे. शिवाय ही रक्कम तुम्ही कागदावर जाहीर केलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही.

आपल्या अमळनेरच्या पोराचं गणित करू. समजा गाडीची आजची किंमत ७ लाख आणि ठरलेलं भाडं २० हजार.

भाडं २०,००० × १० = २ लाख रुपये.

ट्रेलरला आग लागली आणि गाडी जळून गेली, तरी वाहतूकदाराकडून कायद्याने जास्तीत जास्त २ लाख. उरलेले ५ लाख कुठून आणायचे, हा तुमचा प्रश्न. आणि घासाघीस करून भाडं १५ हजारांवर आणलं, तर ही मर्यादा दीड लाखावर येते. भाड्यात वाचवलेल्या ५ हजारांनी भरपाईची मर्यादा ५० हजारांनी खाली आली.

यातून बाहेर पडायचा रस्ता त्याच कायद्यात आहे. वाहतूकदाराने जास्त जोखमीसाठी ठरवलेला वाढीव दर द्यायचं तुम्ही लेखी कबूल केलं, तर ही मर्यादा लागू होत नाही. फोनवर बोलून किंवा व्हॉट्सॲपवर ‘हो सर, सेफ जाईल’ असं आलं म्हणून ते धरलं जात नाही. कागदावर पाहिजे.

मग ‘फुल इन्शुरन्स आहे सर’ याचा अर्थ काय?

हे वाक्य प्रत्येक एजंट बोलतो. त्यावर एकच मागणी करायची: ट्रान्झिट इन्शुरन्सची पॉलिसी दाखवा, आणि तिच्यावर माझ्या गाडीचा नंबर आणि किंमत हवी. बिलात ‘इन्शुरन्स ३ टक्के’ अशी ओळ असणं म्हणजे पॉलिसी असणं नव्हे. ते पैसे कुठल्या विमा कंपनीकडे गेले, याचा कागद असेल तरच विमा.

दुसरीकडे, तुमच्या गाडीच्या स्वतःच्या पॉलिसीत काय आहे, तेही काढून वाचा. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीच्या ‘ओन डॅमेज’ भागात गाडी रस्ता, रेल्वे, जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने नेत असताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं. म्हणजे तुमची गाडी ट्रेलरवर असतानाही तुमचा विमा चालू असतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र यातलं काहीच मिळत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम केला की नो क्लेम बोनसवर पाणी सोडावं लागू शकतं. आणि पॉलिसीची मुदत गाडी वाटेत असताना संपत नाही ना, हे आधी तपासा.

बिल्टीवर काय बघायचं?

कायद्याप्रमाणे दोन कागद होतात. एक तुम्ही भरून द्यायचा, त्याला गुड्स फॉरवर्डिंग नोट म्हणतात. दुसरी वाहतूकदाराने द्यायची पावती, म्हणजे आपली बिल्टी किंवा एलआर. यात पुढच्या गोष्टी बघा:

- गाडीची किंमत खरी लिहा. इन्शुरन्सचे पैसे वाचतील म्हणून ७ लाखांच्या गाडीची किंमत २ लाख लावली, तर भरपाई त्याच्यावर जाणार नाही.
- वाहतूकदाराचा नोंदणी क्रमांक बघा. या कायद्याखाली नोंदणी केल्याशिवाय हा धंदा करता येत नाही.
- ‘आम्ही फक्त एजंट आहोत, ट्रेलर दुसऱ्याचा आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. कायद्याच्या व्याख्येत बुकिंग करणारी कंपनी, एजंट आणि दलालही येतात.
- पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ छापलेलं असेल तर घाबरू नका, पण तो शब्द खोडायला सांगा. सुप्रीम कोर्टाने २००० साली नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज या खटल्यात, हे शब्द छापले म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही, असं सांगितलेलं आहे. तो खटला जुन्या कायद्याखालचा होता.

गाडी ताब्यात देताना

गाडी धुऊन द्या, म्हणजे आधीचे ओरखडे दिसतात. चारही बाजू, छत, काचा, चाकं, डिक्की आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो आणि एक सलग व्हिडिओ काढा. किलोमीटरचा आकडा पावतीवरही लिहून घ्या. गाडी किती चालवली, ते यावरून कळतं.

इंधन पाव टाकीच्या आसपास ठेवा. गाडीत सामान भरू नका. कार वाहतुकीच्या पावतीवर भांडी आणि लॅपटॉपची नोंद नसते, त्यामुळे ते गेले तर मागता येत नाहीत. मूळ आरसी स्वतःकडे ठेवून झेरॉक्स द्या.

फास्टॅगवर ॲल्युमिनियम फॉइल लावा. ट्रेलर टोलवरून जाताना तुमच्या गाडीचा टॅग रीडरने वाचला, तर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल. टॅग काचेवरून ओढून काढू नका, तो खराब होतो.

पैसे वाढवून मागितले तर?

ठरलेले २० हजार, गाडी यार्डात गेली की फोन येतो, ‘अजून १२ हजार टाका, नाहीतर गाडी उतरणार नाही.’ या धंद्यातली ही सगळ्यात जुनी अडवणूक आहे. नावाजलेल्या कंपनीशी मिळतंजुळतं नाव लावून बसलेले लोकही कमी नाहीत. म्हणून सगळं भाडं आधी देऊ नका. थोडं बुकिंगला आणि बाकीचं गाडी बघून झाल्यावर, असं लिहून घ्या. पैसे कंपनीच्या खात्यात टाका, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नको.

पैसे घेऊन माणूस गायब झाला तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या. सेवेबद्दलची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

गाडी डॅमेज होऊन आली तर बिल्टीवर ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ अशी सही करू नका. काय तुटलंय ते तिथेच लिहा आणि फोटो काढा. मग वाहतूकदाराला लेखी नोटीस पाठवा. त्यासाठी १८० दिवस मिळतात, पण ते गाडी मिळाल्यापासून मोजले जात नाहीत, बुकिंगच्या तारखेपासून मोजले जातात. ही नोटीस दिली नसेल तर पुढे दावा अडकतो. तुमच्या विमा कंपनीने भरपाई दिली, तरी वाहतूकदाराकडून वसुली करायला तिलाही हेच कागद लागतात.

आणि कंपनीचं ऑफिस दिल्लीत आहे म्हणून सोडून देऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गाडीचा मालक जळगावला राहत असेल तर जळगावात. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फीसुद्धा लागत नाही.

एमएच १९ चा नंबर तिकडे चालतो का?

पुण्याला गेलात तर एमएच १९ किंवा धुळ्याचा एमएच १८ बदलायची गरज नाही. राज्य एकच आहे, पत्ता मात्र ३० दिवसांत बदलून घ्यायचा.

दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी आपल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही संमती लागते. तिकडे त्या राज्याचा रोड टॅक्स भरायचा आणि इथे भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या काळाचा परतावा मागायचा. सरकारी कर्मचारी, संरक्षण दलातले लोक आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना २०२१ पासून बीएच सिरीजचा पर्याय आहे. तो घेतला की राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो.

थोडक्यात, पुढच्या वेळी सात-आठ फोन आले की सगळ्यात स्वस्त कोण, हे शेवटी विचारा. आधी विचारा की बिल्टीवर गाडीची किंमत किती लिहिणार आणि पॉलिसीची कॉपी कधी पाठवणार. यावर जो सरळ उत्तर देतो, त्याच्याशीच भाड्याचं बोला.