तारेचा माग

डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागचे केस डॉक्टरांनी मशिननं काढले, स्पिरिट चोळलं, वर जेल थापली. गाईचे मालक आप्पा यांनी तो पाय पुढं ओढून धरला, तेव्हा बरगड्यांमधली फट मोकळी झाली. गाईचं हृदय बरंचसं कोपराआडच असतं.

वाळवा तालुक्यातला हा गोठा. डॉक्टर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. महाविद्यालय सातारा जिल्ह्यात आणि नाना पाटील इथल्याच येडेमच्छिंद्रचे. आता सांगली जिल्ह्यात असलेला वाळवा तालुका त्यांच्या प्रतिसरकारच्या काळी सातारा जिल्ह्यातच होता.

एचएफ गाय. दूध आटलेलं, रवंथ मंद, कोपरं बाहेर काढून उभी. वाढ्यांच्या कुट्टीतून तारेचा तुकडा गेल्याचा संशय होता. गाय वैरण निवडत बसत नाही, भराभर गिळते. जड वस्तू जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या पुढच्या कप्प्यात, जाऊन पडते. जाळीपोट आणि हृदयाच्या मध्ये असतं फक्त श्वासपटल आणि थोडंसं अंतर. पोट आवळलं की तार पुढं सरकते.

सोनोग्राफीचा प्रोब 3.5 मेगाहर्ट्झचा होता. प्रयोगशाळेत उंदराची महाधमनी तपासायला 40 मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोब लागतो. त्यात बारकावा भरपूर, पण तो ध्वनी फार खोल जात नाही. गाईला खोली हवी, त्यासाठी बारकावा सोडावा लागतो.

पडद्यावर काळे कप्पे, करड्या भिंती, फडफडणाऱ्या झडपा. मी पाहत होतो हृदय; डॉक्टर पाहत होते त्याच्या भोवतालची जागा. हृदयाच्या पिशवीत पू-पाणी साठलं, तर तिथं रुंद काळा पट्टा दिसतो आणि त्यात धागे तरंगतात. इथं तसं काही नव्हतं. मग प्रोब खाली, छातीच्या टोकाकडं गेला. जाळीपोटाची पांढरी कमान दिसली. निरोगी गाईत ती साधारण मिनिटाला एकदा, दोन टप्प्यांत आवळते. डॉक्टर घड्याळाकडं बघत थांबले, आणि ही थांबण्याची चिकाटीच मला या कामात सर्वांत मोलाची वाटली. कमान जेमतेम हलली. तिच्या कडेला सुजेचे पांढुरके पापुद्रे चिकटले होते.

"तार दिसली का हो डॉक्टर?"

"तार सहसा दिसत नाही, आप्पा. तिनं काय केलंय ते दिसतंय. हृदयापर्यंत पोचलेली नाही, म्हणून ऑपरेशनला अर्थ आहे."

पिशवीत पू झाला असता, तर तार काढूनही गाय वाचण्याची आशा फार थोडी उरली असती. आता डाव्या कुशीतून कोठीपोट उघडायचं, आत हात घालून जाळीपोट चाचपायचं. गोठ्यातल्या बाकीच्या गाईंना चुंबक गिळवायचं ठरलं, आणि आप्पांनी कुट्टीचं मशिन त्याच दुपारी झाडून घेतलं.