हट्टामागील अडचण : संवेदनांच्या त्रासाची ओळख आणि आधार



वार्षिक अहवालाच्या निमित्ताने आरोग्यविषयक एका प्रश्नाची ओळख करून द्यावी, या हेतूने यंदा आम्ही संवेदनांशी निगडित अडचणींचा विषय निवडला आहे. हा त्रास क्ष-किरण चित्रात दिसत नाही, रक्ततपासणीत सापडत नाही. त्यामुळे घरात आणि शाळेत त्याला हट्ट, लाड किंवा नाटक अशी नावे मिळतात आणि मुलाच्या वाट्याला मदतीऐवजी मार येतो.

हा त्रास म्हणजे काय?

डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा ही पंचेंद्रिये आपल्या परिचयाची आहेत. त्यांखेरीज तोल सांभाळणारी कानाच्या आतील यंत्रणा, हातापायांची स्थिती कळविणारे स्नायू व सांधे, तसेच भूक-तहान जाणवून देणारे आतील अवयव हेही मेंदूला अखंड वार्ता पुरवीत असतात. त्यांतील कोणत्या वार्तेकडे लक्ष द्यावयाचे आणि कोणती सोडून द्यावयाची, ही निवड मेंदू आपल्या नकळत करीत असतो. काहींच्या बाबतीत ती नीट होत नाही. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट डॉ. ए. जीन एअर्स यांनी या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. त्यांचा मूलभूत ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला.

लक्षणे कशी ओळखावीत?

काही मुलांना संवेदना अतितीव्र जाणवतात. कुकरची शिटी किंवा मिक्सर सुरू होताच ती कान झाकतात; केस कापताना वा नखे काढताना आकांत करतात; शर्टाच्या कॉलरमागील लेबल त्यांना सहन होत नाही; भातात वरण कालवले की ताट सरकवतात. काहींना उलट संवेदना कमी जाणवतात. गुडघा फुटला तरी ती रडत नाहीत, हाक मारूनही लक्ष देत नाहीत. आणखी काही मुले सतत संवेदना शोधतात : गरगर फिरणे, उड्या मारणे, भिंतीवर अंग आपटणे.

मोठ्यांमध्येही हा त्रास असतो. मात्र ते तो लपवितात. आंबिवलीहून गर्दीच्या लोकलने कामावर जाणारा माणूस घरी येताच दार लावून अंधारात बसतो, लग्नसमारंभ टाळतो, फोडणीच्या वासाने बेचैन होतो. घरचे त्याला माणूसघाणा म्हणतात. स्वमग्नता (ऑटिझम) व अतिचंचलता असलेल्यांमध्ये, तसेच डोक्याला मार लागल्यानंतर किंवा स्मृतिभ्रंशात अशा अडचणी आढळतात. मोठ्या माणसात असा बदल अचानक दिसल्यास प्रथम डॉक्टरांकडे जावे.

निदानाबाबत सावधगिरी

अशी प्रत्येक सवय म्हणजे आजार नव्हे. दैनंदिन जेवण, झोप, शाळा किंवा काम अडत असेल, तरच तिची दखल घ्यावी. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत संवेदनांच्या अतितीव्र वा मंद प्रतिसादाचा समावेश स्वमग्नतेच्या निकषांत झाला. स्वतंत्र आजार म्हणून त्याची नोंद झाली नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१२ साली स्वतंत्र निदानाविषयी सावधगिरीचा सल्ला दिला होता. म्हणून प्रथम कान व डोळे तपासून घ्यावेत. मूल उशिरा बोलत असेल किंवा नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी व शासकीय शाळांतील मुलांची तपासणी विनामूल्य होते. या कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला होता.

आधार कसा द्यावा?

बहुतेक उपाय कमी खर्चाचे आहेत. मिक्सर लावण्यापूर्वी मुलाला सांगावे. लेबल कापून टाकावे. अंगाला हात लावण्याआधी कल्पना द्यावी. हलक्या स्पर्शापेक्षा घट्ट स्पर्श अनेकांना सोसवतो. विसर्जन मिरवणुकीत व दिवाळीत कानांवर आवाजरोधक साधन द्यावे आणि घरात एक शांत कोपरा ठेवावा. संवेदना शोधणाऱ्या मुलास पाण्याची बादली उचलणे, कणीक मळणे अशी जोर लागणारी कामे द्यावीत. शिक्षकांनी अशा मुलास खिडकी व दारापासून दूर बसवावे. जबरदस्तीने सवय लावू नये. त्याने भीती वाढते.

गरजेनुसार ऑक्युपेशनल थेरपिस्टचे साहाय्य घ्यावे. या शास्त्राचे भारतातील पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात श्रीमती कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले, ही आपल्या अभिमानाची बाब आहे. थेरपी सुरू करतानाच मुलाचे कोणते काम सुधारावयाचे, हे ठरवून घ्यावे आणि काही आठवड्यांनी आढावा घ्यावा. खात्रीशीर बरे करण्याचे आश्वासन देऊन वर्षभराचे पैसे आगाऊ मागणाऱ्यांपासून सावध राहावे. स्वमग्नतेचे निदान झालेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वार्षिक १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. त्याची चौकशी अवश्य करावी.

आमची विनंती

२००९ साली एन.आर.सी. कारखाना बंद पडला आणि मोहन्यातील अनेक घरांचे नियमित उत्पन्न थांबले. अशा कुटुंबांना थेरपीसाठी दर आठवड्यास दूर जाणे म्हणजे प्रवासखर्च आणि एका दिवसाची मजुरी गमावणे. या कामास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित व्यक्तीचा वेळ. हा खर्च दरमहा येणारा आहे. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, थेरपिस्टच्या एका तासावर कोरता येत नाही. हिशेबाच्या वहीत तो केवळ वेतनखर्च दिसतो. परंतु त्याच तासामुळे एखादे मूल शाळेत टिकते.

म्हणून या कामासाठी स्वतंत्र निधी राखावा आणि बाह्यरुग्ण विभागात मंद प्रकाशाची, ध्वनिक्षेपकाविना अशी एक शांत वेळ ठरवावी, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. देणगीदारांनी यथाशक्ति, फूल ना फुलाची पाकळी, साहाय्य करावे. पालकांस एवढेच सांगणे की, पुढच्या वेळी मूल कान झाकून रडू लागले, तर हात उगारण्याआधी त्याला काय टोचते, काय बोचते, हे पाहावे. त्यास पैसा लागत नाही.