स्वयंपाकाचीही शाळा असते

आपल्या दोंडाईच्याहून गाडी धरून दर वर्षी कितीतरी तरुण कामासाठी बाहेर पडतात. कोणी सुरतेला जातो, कोणी नाशिकला, कोणी मुंबईला. कोणी कापडाच्या कारखान्यात लागतो, कोणी बांधकामावर, कोणी हॉटेलात.

हॉटेलात गेलेला मुलगा आधी कपबशा विसळतो. मग टेबल पुसतो. मग कांदा चिरतो. काही वर्षांनी त्याला कढईजवळ उभे राहू देतात. जे काही तो शिकतो, ते पाहून-पाहून शिकतो. मोठा आचारी मसाल्याचे प्रमाण सहसा सांगत नाही. आणि शिकला तरी कागदावर काहीच नसते. मालक बदलला की पुन्हा कपबशांपासून सुरुवात!

हेच काम शाळेत शिकता येते. तेही पद्धतशीर, आणि प्रमाणपत्रासह. आपल्याकडे पुष्कळ घरांत ही गोष्ट ठाऊक नाही. म्हणून आम्ही या पाठात तिची माहिती देत आहोत.

लाज कसली?

मुलगा स्वयंपाक शिकायला जातो म्हटले, की पारावर हसू उठते. "काय दादा, पोऱ्या सैपाक कराले शिकस का?" असे विचारणारा भेटतोच.

पण मंडळी, गंमत पहा. घरात रोज रांधते ती बाई. तिला कोणी पगार देत नाही. लग्नात रांधतो तो आचारी. तो आगाऊ पैसे घेतल्याशिवाय चूल पेटवत नाही. काम तेच. फरक एवढाच, की एकाने ते धंदा म्हणून केले. सुतारकाम, शिवणकाम, लोहारकाम शिकायला आपण लाजत नाही. मग अन्न शिजवण्याची लाज कशाला? आणि घरच्या लेकीसुनेच्या हातात जी कला आहे, तिचीही किंमत आपण ओळखायला हवी.

मुंबईची पहिली शाळा

मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. त्या काळी आपल्या देशात हॉटेलाचे काम शिकवणारी शाळा नव्हती. युरोपात मात्र ती होती. स्वित्झर्लंड देशात लोझान गावी १८९३ सालीच हॉटेलाची शाळा निघाली होती.

आपल्याकडे ही सुरुवात बायकांनी केली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात देशात धान्याची टंचाई होती. १९५० ते १९५२ या काळात कन्हैयालाल मुनशी हे देशाचे अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुनशी. अन्नाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या स्त्रियांच्या एका अखिल भारतीय परिषदेचे पुढारीपण त्यांच्याकडे होते. या परिषदेने १९५४ साली मुंबईत अंधेरीला, भवन्स कॉलेजात, एक शाळा सुरू केली. पुढे ती दादरला आली. आज ती हॉटेल मॅनेजमेंटची नावाजलेली संस्था आहे. तिच्या नावात स्वयंपाकाबरोबर 'पोषण' हाही शब्द आहे. म्हणजे चवीबरोबर अंगाला काय लागते, याचाही विचार तिथे पहिल्यापासून झाला.

पुढे देशात ठिकठिकाणी अशा संस्था निघाल्या. त्यांचा अभ्यासक्रम एकसारखा असावा म्हणून १९८२ साली केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याखाली एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली.

तिथे काय शिकवतात?

पुष्कळांना वाटते, तिथे फक्त भाज्या करायला शिकवतात. तसे नाही. हॉटेल म्हणजे एक मोठे घरच. त्या घराची चार कामे असतात.

पहिले काम मुदपाकखान्याचे. यात रांधणे आले आणि बेकरीही आली.

दुसरे काम वाढण्याचे. पाहुण्याला काय हवे ते विचारणे, वेळेवर वाढणे, बिल करणे.

तिसरे काम दारावरच्या स्वागताचे. आलेल्याची नोंद करणे, खोली देणे, त्याची अडचण सोडवणे.

चौथे काम खोल्यांची व्यवस्था ठेवण्याचे. चादरी, सफाई, पाणी, दिवे.

तीन वर्षांच्या मोठ्या अभ्यासक्रमात चारही कामे शिकावी लागतात. मधले काही महिने खऱ्या हॉटेलात जाऊन काम करावे लागते. मग ज्याला जे जमते, ते तो पुढे धरतो.

भाकरी का फुटते आणि मांडा का ताणतो?

शाळेत नुसती कृती सांगत नाहीत, कारणही सांगतात. एक उदाहरण घेऊ.

आपल्या खानदेशात खापरावरचे मांडे करतात. गव्हाची सैल कणीक तिंबून तिंबून लवचीक करतात. मग पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ताणतात. तो रुमालासारखा मोठा होतो, तरी फाटत नाही. हेच ज्वारीच्या पिठाचे करून पहा. गोळा लगेच तुटेल. असे का?

गव्हात एक चिकट, ताणणारा पदार्थ असतो. त्याला ग्लुटेन म्हणतात. पाणी घालून मळले की त्याची रबरासारखी जाळी तयार होते. ज्वारीत तो नसतो. म्हणून ज्वारीची भाकरी थापावी लागते. ती ताणता येत नाही.

पाव फुगतो तोही याच जाळीमुळे. पावाच्या पिठात यीस्ट घालतात. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. ते पिठातली साखर खातात आणि वायू सोडतात. तो वायू जाळीत अडकतो. पीठ फुगते. भट्टीत घातल्यावर यीस्ट मरते, पण जाळी भाजून पक्की होते. म्हणून पावाला आत भोके दिसतात.

आता पहा, खापरावर मांडे करणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या हातांना ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. शाळा त्या गोष्टीला नाव देते, माप देते. मग बेत चुकला तर का चुकला ते कळते, आणि दुसऱ्या दिवशी तो सुधारता येतो.

बेकरीत माप कसे असते तेही पहा. मैदा १०० भाग धरतात. त्याला साधारण ६० भाग पाणी, २ भाग मीठ, २ भाग ओले यीस्ट. मग ५ किलो मैद्याला किती लागेल? पाणी ३ किलो, मीठ १०० ग्रॅम, यीस्ट १०० ग्रॅम. एवढा हिशेब आला, की ५ किलोचा पाव करणारा ५० किलोचाही करू शकतो. अंदाजावर चालणाऱ्याला मात्र मोठे काम मिळाले की घाम फुटतो.

हिशेबात बुडू नका

खानावळी चवीअभावी बंद पडतात, तशा हिशेबाअभावीही बंद पडतात. याचेही एक उदाहरण देतो.

खानदेशी भरिताचे नाव सर्वत्र आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. समजा, तुम्ही भरीत विकायचे ठरवले. १० किलो वांगी आणली. दर ४० रुपये किलो. झाले ४०० रुपये. वांगी पऱ्हाट्यांवर भाजली. साल काढली, देठ काढले, पाणी गळाले. उरला गर ६ किलो.

आता गर कितीला पडला? ४०० ला ६ ने भागा. जवळजवळ ६७ रुपये किलो. ज्याने ४० रुपये धरून भाव ठरवला, तो दर किलोला २७ रुपये तोट्यात गेला. वर तेल, मिरची, शेंगदाणे, जळण, भाडे, मजुरी आहेच. गिऱ्हाईक भरपूर आणि गल्ला रिकामा, असे का होते ते यात आहे. म्हणून या शाळांत विळीइतकेच वहीलाही महत्त्व देतात. काय आणले, किती वाया गेले, किती विकले, हे रोज लिहायला लावतात.

वाचकहो, तुम्ही नुकतेच लिहा-वाचायला शिकलात. तुमच्या या विद्येचा पहिला उपयोग असा रोकडा आहे.

अन्न आणि आजार

लग्नाच्या जेवणातून पंगतच्या पंगत आजारी पडल्याच्या बातम्या आपण ऐकतो. लोक म्हणतात, नजर लागली. खरे कारण निराळे असते.

अन्नात बारीक जंतू असतात. ५ अंशांच्या खालच्या थंडीत ते फारसे वाढत नाहीत. ६० अंशांच्या वरच्या उष्णतेत त्यांचे फारसे चालत नाही. मधल्या कोमट अन्नात मात्र ते झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसेच उघड्यावर ठेवू नये. गरम ठेवायचे तर वाफ निघेल इतके गरम ठेवावे. थंड ठेवायचे तर फ्रिजमध्ये ठेवावे. कच्च्या मांसाचा सुरा-पाट वेगळा, कोशिंबिरीचा वेगळा. आणि हात साबणाने धुवावेत.

या गोष्टी शाळेत पहिल्याच दिवसांत शिकवतात. अन्न विकणाऱ्यासाठी कायदाही आहे. तो २००६ साली झाला आणि २०११ सालापासून लागू झाला. धंदा मोठा असेल तर परवाना आणि लहान असेल तर नोंदणी, असा त्याचा नियम आहे. धंदा सुरू करण्याआधी त्याची चौकशी करावी.

कोणासाठी कोणते दार?

बारावी झालेल्याला हॉटेल मॅनेजमेंटची तीन वर्षांची पदवी घेता येते. बारावीत इंग्रजी विषय असावा लागतो. सरकारी संस्थांसाठी देशभर एक प्रवेश परीक्षा असते. महाराष्ट्र शासनाची अशी एक संस्था पुण्यालाही आहे.

दहावी झालेल्याला याच संस्थांत लहान अभ्यासक्रम असतात. नुसता स्वयंपाक व बेकरी, किंवा नुसते वाढप. आयटीआयमध्येही बेकरीचा आणि स्वयंपाकाचा एक वर्षाचा व्यवसाय असतो. पण तो प्रत्येक आयटीआयत नसतो. आपल्या धुळे, नंदुरबार, जळगाव भागात तो कुठे आहे, हे आधी जाऊन विचारावे.

शिक्षण मध्येच सुटलेल्याचे काय? त्यांनी हताश होऊ नये. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. मुक्त विद्यालयाचीही सोय आहे. नाशिकला १९८९ सालापासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते काढलेले आहे. केंद्राच्या पर्यटन खात्यानेही २००९-१० साली 'हुनर से रोजगार तक' नावाची योजना काढली होती. तिच्यात आठवी शिकलेल्या तरुणांना फी न घेता सहा ते आठ आठवड्यांत काम शिकवीत. अशा योजनांची नावे व नियम बदलत असतात. या घडीला कोणती चालू आहे, ते सरकारी संस्थेतच विचारावे.

अमेरिकेत तर यासाठी 'कम्युनिटी कॉलेज' असते. म्हणजे गावच्या माणसांचे, गावाजवळचे कॉलेज. पहिले सरकारी कॉलेज १९०१ साली जोलिएट गावी निघाले. तिथे नोकरी करणारा बाप आणि त्याचा मुलगा एकाच वर्गात बसू शकतात. आपल्या देशात १९९५ साली पाँडिचेरीत असे कॉलेज सुरू झाले. शिकायला वय लागत नाही, हा त्यातला धडा.

फी भरण्याआधी

आता एक कडक सूचना. आमच्या पाहण्यात एक घर आहे. त्यांनी बैलजोडी विकून मुलाची फी भरली. "परदेशात जहाजावर नोकरी लावून देतो," असे जाहिरातीत होते. वर्षभराने त्या जागेला कुलूप लागले. मुलाच्या हाती आलेला कागद कुठेच चालला नाही. बैलही गेले आणि वर्षही गेले.

म्हणून चार गोष्टी पाहिल्याशिवाय पैसा देऊ नका. प्रमाणपत्र कोणाचे मिळणार? सरकारचे, विद्यापीठाचे, की त्यांचेच? शिकवण्याचा मुदपाकखाना खरोखर आहे का? स्वतः जाऊन पहा. चूल पेटती आहे की नुसती मांडलेली आहे ते पहा. मागच्या वर्षीची मुले आज कुठे काम करतात? त्यांतल्या दोघांना भेटा. आणि शेवटचे, दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या व ती वाचून घ्या. तुम्हाला आता वाचता येते. दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही.

एवढेही सांगतो, की हे काम सोपे नाही. भट्टीजवळ तासन् तास उभे राहावे लागते. सणावाराला जग जेवते तेव्हा आपण राबतो. सुरुवातीचा पगार थोडाच असतो. हे सगळे मुलाला, मुलीला आधी सांगावे. मनापासून आवड असेल तरच पाठवावे.

पण आवड असेल, तर अडवू नये. शेताचे तुकडे होत चालले आहेत. चार भावांना एक विहीर पुरत नाही. ज्याच्या हातात कला आहे, त्याला कुठल्याही गावी भाकरी मिळते. आणि शिकून आलेला मुलगा परगावीच राहील असे थोडेच आहे! आपल्या दोंडाईच्यात मिरचीची पेठ आहे, स्टेशन आहे, बाजाराला येणारी माणसे आहेत. त्यांना स्वच्छ, गरम, वाजवी दरातले जेवण देणारी खानावळ आपल्याच गावच्या मुलाने किंवा बचत गटाच्या बायकांनी काढली, तर अन्नाला आणि गावाला दोघांनाही बरकत येईल.

विचार करा व लिहा

१. ज्वारीची भाकरी ताणता का येत नाही?
२. १० किलो मैद्याला पाणी, मीठ व यीस्ट किती लागेल?
३. २० किलो वांगी ३० रुपये किलोने आणली. गर १२ किलो उरला. गर किती रुपये किलो पडला?
४. फी भरण्याआधी कोणत्या चार गोष्टी पाहाव्यात?