महाकाव्याचा नायक : अकिलीज आणि तानाजी
होमरच्या ‘इलियड’चे 24 सर्ग असले, तरी त्याचा विषय संपूर्ण ट्रॉययुद्ध नसून अकिलीजचा क्रोध हा आहे. अगमेम्नॉनने ब्रिसीस हिरावून घेतल्याने मानभंग झालेला अकिलीज रणातून अंग काढून घेतो आणि त्याची किंमत स्वपक्षीयांना मोजावी लागते. संस्कृत काव्यशास्त्रातील क्षमाशील, धीरोदात्त नायकाची कसोटी त्याला लावता येत नाही. याउलट, तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातील तानाजी पुत्र रायबाचे लग्न बाजूला सारून 1670 च्या सिंहगड मोहिमेवर निघतो. अकिलीज अक्षय कीर्तीसाठी दीर्घायुष्य नाकारतो, तर तानाजी स्वामिकार्यासाठी घरचे मंगलकार्य. पोवाडा विस्ताराने महाकाव्य नव्हे. तथापि नायकाने कशासाठी काय सोडले, यावरून त्या-त्या समाजाचे वीरमूल्य दोन्हींत स्पष्ट होते.