स्थानक रेल्वेचे, वाट गावाची

पनवेल ते कर्जत हा २९.६ किलोमीटर लांबीचा उपनगरी लोहमार्ग मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात २०१६ साली मंजूर झाला. दोन्ही टोके सोडली तर या मार्गावर चिखले, मोहोपे आणि चौक अशी तीन स्थानके येतात. ही तिन्ही नावे रायगड जिल्ह्यातील गावांची आहेत. भातखाचरांच्या शेजारी फलाट उभा राहतो आणि पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या कामगाराला, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला, भाजीची पाटी घेऊन निघणाऱ्या बाईला नोकरी, शिक्षण व बाजार एकदम जवळ येतात. मात्र घरापासून फलाटापर्यंतचे अंतर चालून जायचे कोणत्या वाटेने, हा प्रश्न ज्या गावांपुढे उभा राहतो, त्यांनी तो गाडी सुरू होण्यापूर्वीच सोडविणे इष्ट असते.

फलाट, तिकीटघर, पादचारी पूल आणि स्थानकासमोरील आवार ही रेल्वेची जबाबदारी होय. आवाराची हद्द संपली की पुढील रस्ता रेल्वेचा नसतो. नवी मुंबईत ही अडचण फारशी जाणवली नाही, याचे कारण वेगळे होते. मानखुर्द–वाशी मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला, तेव्हा तेथे सिडको हे नियोजन प्राधिकरण अगोदरच कार्यरत होते. तेथील लोहमार्गांच्या खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. स्थानकाकडे येणारे रस्ते व बसथांबे नगराच्या आराखड्यातच होते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असा आयता पालक नसतो. तेथे पुढाकार गावालाच घ्यावा लागतो.

साधारणतः गावापुढे दोन पर्याय येतात. एक, खाचरांतून सरळ जाणारी जवळची वाट. दुसरा, जुनी पाणंद किंवा गाडीवाट रुंद करून थोड्या वळणाने जाणारा रस्ता. सभेत पहिल्या पर्यायाला टाळ्या पडतात, कारण पाच-सात मिनिटे वाचतात. परंतु खाचरातून रस्ता काढावयाचा म्हणजे भराव घालणे आले, आणि कोकणातील पावसात भराव म्हणजे आडवा बांधच. पुरेशा मोऱ्या नसतील तर वरच्या अंगाची शेते तुंबतात व खालची कोरडी पडतात. शिवाय जमीन लहान खातेदारांची असते. दोन-चार गुंठे गेले तरी खाचराचे दोन तुकडे होतात. लांबची वाट बहुधा स्वस्त पडते आणि भांडणेही कमी होतात, हे सभेत शांतपणे मांडणारा एखादा शिक्षक वा ग्रामसेवक असला तर बरे.

म्हणून पहिले काम गावनकाशा काढून पाहण्याचे. नकाशावर गाडीवाट किंवा पायवाट दाखविलेली असेल, तर ती आज बांधाखाली गेली असली तरी तिचे अस्तित्व नोंदलेले असते. असलेल्या वाटेवर कोणी अडथळा केला असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ विषयी मात्र गावोगावी गैरसमज आढळतो. ते कलम शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी इतरांच्या हद्दीवरून वाट मिळवून देते. स्थानकाकडे जाणारा सार्वजनिक रस्ता त्यातून निघत नाही.

नवी जमीन लागणार असेल तर संमतिपत्रावर विसंबणे धोक्याचे. मुद्रांकावर सही घेतली, खडी पडली, आणि काही वर्षांनी खातेदार वारल्यावर वारसांनी कुंपण घातले, अशी प्रकरणे तहसील कचेऱ्यांना नवीन नाहीत. संमतीने मालकी बदलत नाही. जमीन बक्षीस द्यावयाची असेल तर दोन साक्षीदारांसह नोंदणीकृत दस्त हवा आणि त्यानंतर सातबाऱ्यावर फेरफार हवा. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरणाबाबत जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न अगोदर तपासावा लागतो. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल अधिनियमाचे कलम ३६-अ आडवे येते, आणि ते यावेच. कर्जतच्या परिसरात ठाकर व कातकरी वस्त्या आहेत. घाईत घेतलेल्या अंगठ्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते. गावाला मोबदला देऊन जमीन हवी असल्यास २०१३ चा भूसंपादन अधिनियम आहे. तो मार्ग लांबचा आहे, पण त्यात खातेदाराच्या हक्काला बाध येत नाही.

या सर्वांचा निर्णय ग्रामसभेत होतो. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. रात्री नऊच्या गाडीने उतरणारी परिचारिका कोणत्या वाटेने घरी येणार, दिवे कोठे हवेत, हे मुद्दे तेथेच निघतात. आणखी एक साधी गोष्ट: ज्यांना रस्ता हवा आहे ते लोक कामाच्या दिवशी गावात नसतात. सभा सुटीच्या दिवशी ठेवावी. ठरावात "स्थानकाकडे रस्ता व्हावा" एवढेच लिहिल्यास त्याचा उपयोग नाही. गट क्रमांक, लांबी, रुंदी, मोऱ्यांच्या जागा आणि खातेदारांची स्थिती नमूद करावी.

गाव रुळाच्या एका बाजूस आणि स्थानकाचे प्रवेशद्वार दुसऱ्या बाजूस असेल, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६ नुसार लगतच्या जमीनधारकांच्या सोयीसाठी आवश्यक ती ओलांडणी, पूल, गटारे इत्यादी कामे रेल्वेने करावयाची असतात. मार्ग वाहतुकीस खुला झाल्यापासून दहा वर्षे उलटल्यावर अशा वाढीव कामांच्या खर्चाचे बंधन तिच्यावर राहत नाही. राज्य शासन किंवा स्थानिक संस्थेला जादा काम हवे असल्यास कलम १७ अन्वये ते स्वखर्चाने करून घेता येते. दहा वर्षांची ही मुदत अनेक पंचायतींना ठाऊक नसते. भुयारी मार्ग मागताना पावसाचे पाणी कोठे जाणार हे त्याच अर्जात विचारावे, अन्यथा जुलैमध्ये लोक पुन्हा रुळांवरून चालू लागतात. तसे करणे कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; आणि जिवाचा धोका त्याहून मोठा.

रस्ता झाल्यावर त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत घ्यावी आणि ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक मिळण्यासाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे प्रस्ताव पाठवावा. क्रमांक नसलेल्या रस्त्याच्या दुरुस्तीला निधी मिळविताना फार यातायात पडते. प्रस्तावासोबत ठरावाची प्रत, गावनकाशाचा उतारा आणि नोंदणीकृत दस्त जोडलेले असावेत.