वाघाची पिल्लं, एकपाठी हिराइसा आणि वाट चुकणारा मामा

भोकरदन तालुक्यातलं जयदेववाडी म्हणजे सगळ्यांचा ‘जाळीचा देव’. इथल्या झाडोऱ्याच्या जाळीत महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी वाघाच्या पिल्लांशी खेळले, ही लीळा साडेसातशे वर्षं जालन्याच्या मुलखात फिरतेय.

आणि मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ मानलं जाणारं चक्रधरस्वामींचं ‘लीळाचरित्र’ उभंच आहे मुळी सांगोवांगीवर! तेराव्या शतकात म्हाइंभटांनी स्वामींच्या सहवासातली माणसं गाठली, त्यांच्या तोंडून आठवणी उतरवून घेतल्या. एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला, तर दुसऱ्याचं म्हणणंही नोंदवलं. आजच्या पत्रकारानं शिकावं असं काम! पुढे खालशाच्या, म्हणजे खिलजीच्या फौजेच्या, धाडीत मूळ पोथी गेली. महानुभाव परंपरा सांगते, की एकपाठी हिराइसेला ती मुखोद्गत होती. तिच्या नावाचा पाठ अभ्यासक आजही ओळखतात. एका बाईच्या स्मरणशक्तीचे मराठीवर केवढे उपकार!

जालन्यातल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास, जन्म १६०८. ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून पळालेला नारायण, म्हणजे तेच, इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. त्यांचा ‘दासबोध’ही आधी बोलला गेला: समर्थांनी सांगायचं, शिष्य कल्याणस्वामींनी लिहायचं. म्हणून तर २०० समासांत जागोजागी ‘श्रोते’ भेटतात.

गोष्ट सांगायची वेळही ठरलेली. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं म्हणत आज्या पोरांना रात्रीपर्यंत थोपवतात. कलहारीच्या वाळवंटातही तोच रिवाज दिसतो. मानववंशशास्त्रज्ञ पॉली वीसनर यांनी तिथल्या जुहोआन्सी लोकांच्या गप्पा तपासल्या. दिवसाच्या बोलण्यात गोष्टी जेमतेम ६ टक्के, रात्री शेकोटीपाशी ८१ टक्के!

फिलिपिन्सच्या आगता लोकांना संशोधकांनी विचारलं, शेजार कुणाचा हवा? पटाईत शिकाऱ्यापेक्षा गोष्टीवेल्हाळ माणसाला जास्त मतं पडली. जिथे असे सांगणारे जास्त, त्या वस्त्यांत सहकार्यही जास्त, असं २०१७च्या या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडे बायांनी सासर-माहेर, सीतेचा वनवास, भावाची वाट असं सगळं जात्यापाशी सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांच्या प्रकल्पानं महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. लग्नाची हळद दळायची वेळ आली, की ते पुन्हा बाहेर निघतं आणि ओव्या येणाऱ्या म्हातारीला आधी बोलावणं जातं. तिच्या शेजारी नातीला बसवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि ओवीखाली आजीचं नाव लिहायला विसरू नका.