धुरेवरचा माणूस

मोहगाव हवेलीला पाहुणा आला की गावकरी त्याला प्रथम अर्धनारीश्वराच्या देवळात नेतात. आम्हांलाही नेले. दर्शन आटोपून परतताना वाटेतल्या एका अंगणात बाजेवर बसून एक वृद्ध गृहस्थ दोर वळीत होते. आमचे यजमान सहज म्हणाले, "हे आपले आबाजी. एके काळचे पटाचे धुरकरी." आम्ही नमस्कार करून दोन घटका बसावे म्हणून बसलो, ते दिवे लागल्यावरच उठलो.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना 'पट' हा शब्द अपरिचित असेल. पुणे-सातारकडची बैलगाडा शर्यत सर्वांनी ऐकलेली असते. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या बैतूल, छिंदवाडा, बालाघाट या मुलखात तिचीच बहीण शंकरपट या नावाने वावरते. सरळ आखलेली मोकळी वाट, हलका लाकडी छकडा, त्याला जुंपलेली बैलांची जोडी, आणि धुरेवर बसलेला एक माणूस. धाव संपायला पुरते मिनिटही लागत नाही. निकाल घड्याळावर, आणि तोही सेकंदाच्या अंशांवर लागतो. सुगी आटोपली, कापूस घरात आला, की पटाचे दिवस सुरू होतात. त्या दिवसांत हा भाग दुसरे काही बोलत नाही, असे म्हटले तरी चालेल.

धुरेवर बसलेला तो माणूस म्हणजे धुरकरी. मोटारीच्या शर्यतीत जे स्थान सारथ्याचे, तेच येथे त्याचे. परंतु त्याच्या वाहनाला ना ब्रेक असतो, ना बसायला आसन. एका हातात कासरा, दुसरा हात बैलांच्या पाठीशी, आणि सगळा तोल मांड्यांवर. जोडीतले दोन्ही बैल एकाच श्वासात सुटले पाहिजेत. एकाने हातभर आघाडी घेतली की छकडा तिरपा होतो आणि धुरकरी चाकाखाली जातो. म्हणून धुरकऱ्याचे खरे काम शर्यतीच्या कितीतरी आधी, गोठ्यात सुरू होते. कोणता बैल गर्दीला बुजतो, कोणाला ढोलाचा आवाज सोसवत नाही, कोण उजवीकडे बरा पळतो आणि कोण डावीकडे, हे त्याला ठाऊक असावे लागते. आम्ही विचारले, सर्वांत अवघड भाग कोणता? आबाजी म्हणाले, "जोडी पयवनं सोपं हाय बाप्पा. थांबवनं कठीन." रेघ ओलांडून गेलेली, पिसाटलेली जनावरे लोकांत घुसू न देता आवरणे, यात त्यांच्या गळ्याजवळचे हाड दोनदा मोडले आणि डाव्या पायाची दोन बोटे गेली. हे त्यांनी दोर वळता वळताच सांगितले.

आबाजी पट हाकू लागले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटले नव्हते. घरची चार एकर कोरडवाहू जमीन, तीही भाऊबंदकीत अडकलेली. चांगली जोडी बाळगणे हे मोठ्या कास्तकाराचे काम. त्याला हाकणारा हात लागतो, आणि तो हात पुष्कळदा दुसऱ्याचा असतो. नावाजलेल्या धुरकऱ्याला जोडीवाले लांबून बोलावून नेत. येण्याजाण्याचा खर्च, जेवणखाण, काही रोख आणि जिंकल्यास इनामात जसा ठरेल तसा वाटा, असा तोंडी करार. हरल्यास पुष्कळदा फक्त जेवण. मोसमात तीन महिने घराबाहेर काढायचे आणि उरलेले नऊ महिने दुसऱ्याच्या संत्राबागेत मजुरी करायची, अशी ही कारकीर्द तीस वर्षे चालली. तिला कारकीर्द म्हणावे की नाही, असा प्रश्न कोणी विचारील. आम्हांला तसा प्रश्न पडला नाही. अंगच्या कसबावर बोलावणे येत होते आणि त्यावर घर चालत होते; धंदेवाईक म्हणायला याहून काय लागते?

बैलांविषयी बोलताना मात्र आबाजींचा हात थांबला. हा मुलूख गवळाऊ जातीचा. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या पट्ट्यात ही पांढरी, सडपातळ, लांब पायांची जात वाढली. मराठ्यांच्या फौजांना डोंगराळ वाटांनी रसद झपाट्याने नेता यावी म्हणून हे चपळ बैल जोपासले गेले, असे सांगितले जाते. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडी येथे या जातीच्या संवर्धनासाठी सरकारी प्रक्षेत्रही आहे. परंतु शेतात ट्रॅक्टर आला, दुधासाठी संकरित गाय आली आणि शुद्ध गवळाऊ दुर्मीळ झाली. दाराशी बैल ठेवणे परवडत नसताना काही घरांनी तो ठेवला, तो पटाच्या नादापायीच. हे खरे असले तरी नादाला दुसरीही बाजू होती.

ती बाजू न्यायालयात मांडली गेली. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळ करून दाखविण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही देशभर बंद ठरविल्या. बैलाचे शरीर घोड्यासारखे शर्यतीसाठी घडलेले नाही; त्याला धावायला लावायचे तर वेदना आणि भीती यांचाच आधार घ्यावा लागतो, हा त्या निकालाचा गाभा. खिळा लावलेली काठी, शेपटी पिरगाळणे, ती दातांनी चावणे, विजेचे झटके, हे प्रकार होत होते. आम्ही जरा चाचरतच तो विषय काढला. आबाजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तुतारी लावली मी. खोटं काऊन बोलू? पन ज्याले जोडी समजते त्याले तुतारी लागत नाई, हे मले लय उशिरा समजलं." तुतारी म्हणजे या भागात बैलाला टोचण्याची काठी. तो निकाल अन्यायाचा होता, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. आमचे म्हणणे एवढेच की त्या निकालानंतर धुरकऱ्याचे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

आबाजी स्वतः तोवर गुडघ्यामुळे धुरेवरून उतरले होते. परंतु त्यांचा धाकटा मुलगा त्या वर्षी चोवीस वर्षांचा होता आणि नुकतीच त्याला दूरदूरची बोलावणी येऊ लागली होती. बंदी आली. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने अधिसूचना काढून काही राज्यांत बैलगाडी शर्यतींना अटींसह मोकळीक दिली. पाचच दिवसांनी न्यायालयाने तिला स्थगिती दिली. महाराष्ट्राने २०१७ साली आपला कायदा केला. धाव एक हजार मीटरहून लांब नको, काठी-चाबूक नको, छळ केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशा तरतुदी झाल्या. पण तोही न्यायालयात अडकला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. मधली साडेसात वर्षे वकिलाच्या लेखी तारखांची असतात. धावणाऱ्या बैलाच्या लेखी ते अख्खे तारुण्य असते, आणि धुरकऱ्याच्याही. आबाजींचा मुलगा आता मालवाहू गाडी चालवतो. मोसमात संत्री भरून नागपूरच्या बाजाराला नेतो. परवानगी आली तेव्हा त्याने पुन्हा धुरेवर बसून पाहिले. एकदाच. "हात इसरले," असे तो वडिलांना म्हणाला.

या सगळ्यात आपल्या वाचकांना जाणवेल अशी आणखी एक गोष्ट आहे. २०१६ च्या अधिसूचनेतील राज्यांच्या यादीत महाराष्ट्र, कर्नाटक, पंजाब, हरियाणा, केरळ आणि गुजरात होते. मध्य प्रदेश नव्हता. २०२३ च्या निकालातील तीन राज्यांतही तो नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा या तालुक्यांचा वेगळा जिल्हा झाला, तोही अर्थात मध्य प्रदेशातच. घरात मराठी, पोळा आणि तान्हा पोळा तोच, बैलाची जातही तीच; पण खेळाला मान्यता देणारा कायदा सीमेच्या खांबापाशी थांबतो. सीमेबाहेरच्या मराठी माणसाला याची सवय असते, म्हणून आबाजींनीही त्याची तक्रार केली नाही. "पट पाहाचा असला तं आमी तिकडे जातो," एवढेच ते म्हणाले.

त्या रात्री यजमानांच्या ओसरीवर बोलता बोलता आम्हांला एका दूरच्या सारथ्याची आठवण झाली. अर्जेंटिना देशात बालकार्से नावाचे बटाटे पिकविणारे एक गाव आहे. तेथे २४ जून १९११ रोजी हुआन मान्युएल फांजिओ जन्मला. शाळा लवकर सोडून तो मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात लागला. १९३६ साली एका उसन्या टॅक्सीतून, खोटे नाव घेऊन, त्याने पहिली शर्यत केली. पुढे गावकऱ्यांनी वर्गणी जमवून त्याला शर्यतीची गाडी घेऊन दिली. युरोपात पाय रोवला तेव्हा त्याचे वय अडतीसच्या घरात होते. त्या वयात आपले आबाजी धुरेवरून उतरण्याचा विचार करू लागले होते. त्याने १९५१ साली, आणि पुढे १९५४ ते १९५७ अशी सलग चार वर्षे, जगज्जेतेपद मिळविले. पाच विजेतेपदांचा हा विक्रम २००३ सालापर्यंत कोणाला मोडता आला नाही. १९५२ साली मात्र, रात्रभर मोटार हाकून तो इटलीतील मोंझा येथे शर्यतीच्या जेमतेम अर्धा तास आधी पोहोचला, थकलेल्या अंगानेच उतरला आणि मान मोडून घेतली. थकव्याने होणारी चूक बैलांच्या आणि मोटारींच्या शर्यतींत सारखीच असते, हे आबाजींना सांगितले असते तर पटले असते.

१९५८ साली फांजिओ निवृत्त झाला. त्यानंतरच्या सदतीस वर्षांकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. मोटारींच्या विक्रीचा व्यवसाय त्याच्या हाती होता. १९७४ साली मर्सिडीज-बेंझ कंपनीने त्याला आपल्या अर्जेंटिनातील शाखेचे अध्यक्ष केले. १९८६ साली बालकार्से येथे त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले आणि त्याच्या मोटारी तेथे मांडल्या गेल्या. १७ जुलै १९९५ रोजी तो वारला, तेव्हा त्याला त्याच गावच्या मातीत ठेवले. आपल्या देशातही, २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, कोईमतूरचा नारायण कार्तिकेयन, पुढे वापरलेल्या दुचाकींच्या व्यवसायात शिरला. ज्याचे नाव झाले, त्याला शर्यत संपल्यावरही त्या नावाचा आधार असतो.

धुरकऱ्याचे नाव मात्र होतच नाही. पटावर कर्ण्यातून पुकारा होतो तो जोडीवाल्याच्या नावाचा, त्याच्या गावाचा, बैलांचा. ढाल जोडीवाल्याच्या बैठकीत लागते. बैल म्हातारा झाला तर चांगला मालक त्याला दावणीला ठेवतो आणि पोळ्याला त्याच्या शिंगांना रंग लावतो. त्याची आठवण सांगणारी माणसे गावोगाव भेटतात. त्याच बैलाला कोणी हाकले, असे आम्ही चार ठिकाणी विचारून पाहिले. "व्हता कोनी तरी," हे उत्तर तीन ठिकाणी मिळाले.

पुढच्या हिवाळ्यात आबाजींना घेऊन आम्ही सीमेपलीकडे, नागपूर जिल्ह्यातील एका गावच्या पटाला गेलो. पूर्वी सौंसरहून नागपूरला छोट्या लाइनची गाडी जात असे. २०१५ साली ती बंद झाली. आम्ही मोटारीने गेलो. मैदानावर पशुवैद्य जनावरे तपासत होते, काठी कोणाच्याही हाती नव्हती. नोंदणीच्या टेबलावरची वही आम्ही मुद्दाम पाहिली. जोडीवाला, गाव, बैलांचे वर्णन, वेळ, एवढेच रकाने. आम्ही टेबलावरच्या तरुणाला विचारले, धुरकऱ्याचे नाव कोठे लिहिता? तो गोंधळला. मग म्हणाला, "काका, ते कोनी विचारलंच नाही आतापर्यंत." त्याने समासात एक उभी रेघ ओढली आणि पुढच्या जोडीपासून नावे लिहू लागला. ही रीत पुढच्या वर्षी टिकेल की नाही, कोण जाणे.

आबाजी तोवर आमच्याजवळून निघून गेले होते. शोधले तेव्हा ते जोड्या उभ्या होत्या त्या टोकाला सापडले. एक विशीचा पोरगा छकड्यावर चढण्याच्या बेतात होता. आबाजींनी त्याला थांबविले, डाव्या बैलाच्या मानेखाली हात घालून पाहिले आणि जोत दोन बोटे सैल केले. बैलाने मान हलविली. पोऱ्याने विचारले, "आबाजी, तुमी हाकत व्हते का?"

"व्हय," ते म्हणाले. "बस आता. कासरा आवय नको."